चिठ्ठीत नसलेले औषध

खानापूरसारख्या तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीवरून पुष्कळ काही कळते. त्या पिशवीत बेळगावच्या हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी असते, मिरजेत झालेल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड असते, गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाने तिथल्या डॉक्टरांकडून आणलेले गोळ्यांचे अर्धे पाकीट असते. सर्वांत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लेबल निम्मे निघालेली एक बाटली असते आणि ती सहसा बाहेर काढली जात नाही. "आणखी काही औषध चालू आहे का, मावशी?" असे विचारले की उत्तर येते, "न्हाई ओ, एवढंच." बाटलीकडे बोट दाखवले तर मावशी हसतात. "त्ये औषध न्हवं ओ, झाडपाला हाय. लिव्हरसाठी."

त्या बाटलीविषयी मला लिहायचे आहे. आधीच सांगतो की ती मीही विकतो. दुकानातल्या एका कपाटात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिट्सच्या गोळ्या आहेत, तर दुसऱ्यात कुमारी आसव, रोहितकारिष्ट, आरोग्यवर्धिनी, भुईआवळ्याच्या गोळ्या आणि अलीकडे आलेले 'लिव्हर डिटॉक्स' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले रंगीत डबे आहेत. वनस्पतींविरुद्ध बोलून माझा फायदा होण्याचे काही कारण नाही. धंद्याच्या हिशेबाने तोटाच आहे. माझी काळजी वेगळी आहे. दोन्ही कपाटांतला माल एकाच माणसाच्या पोटात जातो आणि त्याची एकत्र यादी मात्र कोणाजवळच नसते, ना डॉक्टरांजवळ, ना वैद्यांजवळ, ना कित्येकदा त्या माणसाच्या घरच्यांजवळ.

आमच्या सीमाभागात हे जरा जास्तच घडते. निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, अथणीचा मिरजेला जातो, आमच्या तालुक्यातला बेळगावला नाहीतर पणजीकडे उतरतो. उपचार जिथे चांगला मिळेल तिथे जाण्यात काही चूक नाही, परंतु प्रत्येक ठिकाणी नवी फाईल उघडते. चिठ्ठी इंग्रजीत, काढ्याच्या बाटलीवरचा मजकूर हिंदीत किंवा कन्नडमध्ये आणि घेणारा मराठी वाचणारा, अशी स्थिती असते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने येणाऱ्यांकडे तर बाटलीही नसते. परड्यातल्या झाडावर चढलेली गुळवेल तोडून रोज सकाळी रस काढला जातो आणि त्याला औषध म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

यकृतासाठी घेतलेली वनस्पती इतर औषधांच्या आड का येते, हे समजायला यकृताचे काम थोडे समजून घ्यावे लागते. तोंडाने घेतलेली बहुतेक औषधे आतड्यांतून शोषली गेली की आधी यकृतात जातात. तिथली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यांचे रूपांतर करून ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करतात आणि उरलेला भाग रक्तातून पुढे जातो. कोगनोळीच्या नाक्यावर एक रांग बंद केली की मागे वाहने साचतात आणि जादा रांग उघडली की ती भराभर निघून जातात, तसेच इथे होते. एखाद्या पदार्थाने विकराचे काम मंदावले तर नेहमीच्याच मात्रेतली गोळी रक्तात अधिक साठते. एखाद्याने ते वाढवले तर तीच गोळी लवकर संपते आणि उपयोग कमी होतो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. ते चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम घटतो. वनस्पतींमध्येही असे गुण असलेले पदार्थ आहेत आणि जो पदार्थ यकृतावर काम करतो म्हणून आपण घेतो, त्याच्याबाबत तर ही शक्यता आधी विचारात घ्यायला हवी.

लिव्हरसाठीच्या औषधांवरचा आपल्याकडचा विश्वास काविळीतून आला आहे, असे मला वाटते. गळ्यात घातलेली माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळे पाणी गळाले, नाकात थेंब टाकले की पिवळा स्राव वाहिला, हे सर्व पाहिलेली माणसे अजून घराघरांत आहेत. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे त्या काळात जे काही दिले असेल त्याला यश मिळते. गरोदर स्त्रीला झालेली 'ई' कावीळ मात्र जीवघेणी ठरू शकते आणि तिथे माळेवर विसंबून घालवलेला एकेक दिवस महागात पडतो. दारूमुळे, मेदामुळे किंवा 'बी' विषाणूमुळे वर्षानुवर्षे झिजणारे यकृत ही तर निराळीच गोष्ट आहे. एका प्रकारच्या काविळीत आलेला अनुभव आपण दुसऱ्या प्रकारच्या आजाराला सरसकट लावतो.

भुईआवळ्याची कथा या बाबतीत शिकण्यासारखी आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी, पानांच्या खालच्या बाजूला बारीक आवळ्यांची ओळ मिरवणारी ही वीतभर वनस्पती इकडे नेलनेल्ली म्हणूनही ओळखली जाते. चेन्नईच्या संशोधकांनी ती 'बी' काविळीचा विषाणू दीर्घकाळ अंगात बाळगणाऱ्या लोकांना देऊन पाहिली आणि १९८८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती पूड दिलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच. या विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग हेही त्या कामाशी जोडलेले होते, त्यामुळे जगभर उत्सुकता निर्माण झाली. परंतु इतर देशांत झालेल्या पुढच्या चाचण्यांत तसे यश पुन्हा दिसले नाही. ते पहिले काम निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. या गटातल्या अनेक जाती दिसायला सारख्याच असतात, बाजारातल्या पुडीत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि कोणत्या जातीचा, कोणत्या हंगामातला, कसा वाळवलेला माल होता यावर बरेच अवलंबून असते. पण तेवढ्या आधारावर 'बी' काविळीच्या रुग्णाने डॉक्टरांनी दिलेली विषाणुरोधक गोळी बंद करून भुईआवळा धरावा, हे मला कदापि मान्य नाही. ती गोळी एकाएकी थांबवल्यास विषाणू उसळून यकृताला जोराचा तडाखा बसू शकतो.

हळदीबद्दल बोलणे अधिक अवघड आहे, कारण ती आपल्या देवघरात, स्वयंपाकघरात आणि लग्नाच्या मांडवात आहे. शेजारची सांगली तर तिची पेठच. आमटीतली हळद आणि 'कर्क्युमिन ९५ टक्के' लिहिलेली कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे जरी ध्यानात आले तरी पुष्कळ होईल. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या अशा एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ १५ ग्रॅम हळदीतला अर्क असतो. तो नुसता घेतला तर शरीरात फारसा शोषला जात नाही. बेंगळूरुच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पायपरिन अवघे २० मिलिग्रॅम दिले तर माणसांत त्याची रक्तातली उपलब्धता २० पटींनी वाढते. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालण्याची प्रथाच पडली.

खरी मेख इथेच आहे. पायपरिन हे काम करते ते यकृत आणि आतडे यांच्यातली पदार्थ हटवणारी यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा हळद कोणती व फिट्सची गोळी कोणती हा भेद करीत नाही. पायपरिनमुळे फिट्सवरचे फेनिटॉइन आणि रक्तदाबावरचे प्रोप्रानोलॉल यांची रक्तातली पातळी वाढते हे नोंदले गेले आहे. याच गुणाचा उपयोग करून जम्मूच्या शासकीय संशोधन संस्थेने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता येईल असे पायपरिनयुक्त औषध विकसित करण्यात भाग घेतला. ठाऊक असताना, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले तर ते औषधशास्त्र झाले. फिट्सच्या रुग्णाने लिव्हरसाठी म्हणून ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलमधून तेच नकळत घडले, तर त्याला चक्कर का येते, पाय का लटपटतात, याचा शोध कोणी मिऱ्यापर्यंत नेणार नाही.

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली, म्हणजे काहींच्या शरीराची घडणच अशी असते की इतरांना चालणारी गोष्ट त्यांना चालत नाही. "आमच्या व्याह्यांना सोसलं" ही साक्ष म्हणूनच अपुरी पडते. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये कळवलेली घटना तर आमच्या कामाशी थेट जोडलेली आहे. वॉरफरिनवर नीट स्थिरावलेल्या एका रुग्णाने हळदीचे पूरक सुरू केले आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, जो सामान्यतः दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो, तो दहाच्या वर गेला. हृदयाची झडप बदललेली, म्हणून वॉरफरिन घेणारी माणसे आमच्या तालुक्यातही आहेत. रोजच्या भाजीतली हळद त्यांनी सोडावी असे कोणीही सांगणार नाही, पण कॅप्सूल सुरू करण्याआधी त्यांनी आयएनआर तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

गुळवेलीचा वाद करोनाच्या साथीत उफाळला. काढ्यांच्या त्या दिवसांत जो तो तिचा रस पीत होता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची हकिकत मांडली, ज्यांच्या यकृतावर गुळवेलीनंतर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यासारखी सूज आली होती. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलेच नाही, असा आक्षेप घेतला. दिसायला मिळतीजुळती दुसरी एक वेल आहे आणि ती यकृताला अपायकारक असल्याचे नोंदलेले आहे, त्यामुळे आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. तरीही रुग्णाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही शक्यतांचा अर्थ एकच निघतो: झाडावरून तोडलेल्या वेलीची खात्री नसेल, किंवा घरात थायरॉइडसारखा स्वतःच्या प्रतिकारशक्तीतून उद्भवलेला विकार असेल, तर वैद्यांच्या सल्ल्यावाचून ती महिनोन्महिने पिऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. गुळवेल साखर उतरवते असे मानले जाते, आणि तसे झाले तर दोन्हींचा भार एकत्र पडून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.

कुमारी आसवाबद्दल लोकांना सांगितले की ते दचकतात. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत आपोआप निर्माण झालेले मद्यार्क असते, साधारण पाच ते दहा टक्के, कधी बारापर्यंत. लेबलवर ते बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. दारू सोडवण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या बायकोने त्याच्या लिव्हरसाठी प्रेमाने हेच आसव नेले, तर त्या गोळीबरोबर थोडेसे मद्यार्कही घाम, धडधड, उलट्या अशी प्रतिक्रिया उठवू शकते. जुलाबांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या माहितीपत्रकातही मद्यार्क टाळण्याची सूचना असतेच. ज्याचे यकृत कठीण होऊन जलोदर झाला आहे आणि ज्याला डॉक्टरांनी दारूचा थेंबही नको म्हटले आहे, त्याने आसव घ्यायचे की नाही हे ठरवणे मेडिकलवाल्याचे काम नाही. मी त्याला सरळ वैद्यांकडे पाठवतो. पुनर्नवेचेही असेच, तिला आपण मूत्रल म्हणूनच ओळखतो, आणि पाय सुजलेल्या माणसाला आधीच लघवी वाढवणारी गोळी चालू असते. दोन्ही एकत्र चालणार असतील तर रक्तातले क्षार तपासायला हवेत.

क्षयरोगाच्या रुग्णांची भीती मला समजते. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या असतात आणि त्यांतली तीन औषधे, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृताला त्रास देऊ शकतात, हे खरे आहे. त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळतात, आमच्या चिठ्ठ्यांत त्यांचा पत्ता नसतो, आणि माणूस माझ्याकडे येऊन "गोळ्या उष्ण पडल्यात, लिव्हरचं कायतरी द्या की" एवढेच म्हणतो. त्याला यकृतासाठी दिल्या जाणाऱ्या सिलिमरिन या वनस्पतिजन्य अर्काची गोळी दिली तर ती बहुधा अपाय करणार नाही, पण तिच्या भरवशावर तो भूक मंदावणे, मळमळ, लघवी चहासारखी होणे या खुणांकडे दुर्लक्ष करील, ही माझी खरी भीती आहे. त्या खुणा दिसल्या की त्याच दिवशी केंद्रात जाऊन एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या करायच्या असतात. गोळ्या थांबवायच्या का, कोणत्या आणि किती दिवस, हे केंद्रातले डॉक्टरच ठरवतात. आपल्या मनाने क्षयाच्या गोळ्या सोडून काढा धरणारा माणूस स्वतःबरोबर घरच्यांनाही धोक्यात घालतो.

बाटली हातात घेतल्यावर मी तीन गोष्टी पाहतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो खाद्यपदार्थ आहे, औषध नव्हे, मग वरच्या अक्षरांनी काहीही वचन दिलेले असो. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना, बॅच क्रमांक आणि घटकांची मात्रा असायलाच हवी. आरोग्यवर्धिनीसारख्या औषधात कुटकी ही वनस्पती निम्मी असली तरी पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असते. अशा द्रव्यांसाठी नियमांत वेगळी अनुसूची आहे आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. तिसरी गोष्ट म्हणजे लेबलच नसणे. बसस्टँडबाहेरच्या पुडीविषयी माझ्याकडे बोलायलाच काही नसते. बॉस्टनच्या संशोधकांनी इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

विचारायचे कोणाला, हा प्रश्न मला नेहमी केला जातो आणि त्यावर बेळगावकरांनी तरी निराश होऊ नये. शहापुरात जुने आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, शहरात मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शिवाय पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे. शिकलेला वैद्य इंग्रजी औषधांची यादी पाहिल्यावाचून काढा लिहून देत नाही, असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांसमोर मात्र लोक लपवतात, कारण एकदा ओरडा बसलेला असतो. चिडणाऱ्या डॉक्टरांना माझी नम्र विनंती आहे की ओरडून बाटली बंद होत नाही, ती फक्त पिशवीच्या तळाशी जाते.

काही जण रिपोर्ट घेऊन पुन्हा येतात. एसजीपीटी चढला होता, डॉक्टरांनी काढा थांबवायला सांगितला, काही आठवड्यांनी आकडा खाली आला. "आता पुन्हा चालू करू का, अण्णा?" असे ते विचारतात, कारण उरलेली बाटली कपाटात तशीच असते आणि टाकवत नाही. माझे उत्तर नाही असेच असते. एकदा यकृताने ज्याला अशी प्रतिक्रिया दिली ते पुन्हा घेतल्यास दुसरी प्रतिक्रिया लवकर आणि अधिक तीव्र येऊ शकते. ती बाटली टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा, असे मी सांगतो आणि दुष्परिणाम कळवण्याचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक तिच्यावरच लिहून देतो. तिथे द्यायच्या अर्जात रुग्ण सोबत आणखी काय घेत होता यासाठी वेगळा रकाना आहे, आणि स्वतःच्या मनाने घेतलेली औषधे व वनस्पती उपाय त्यात तारखांसह लिहायचे असतात. गिऱ्हाईक तारखा आठवत बसते तोवर मी लेबलवरचा बॅच क्रमांक उतरवून घेतो.